तेर्रा आल्ताच्या द्राक्षबागांतून सायकलने: जुन्या रेल्वेच्या वाटेवर चार दिवस

स्पेनच्या ईशान्येला, कातालुन्याच्या दक्षिण टोकाला तेर्रा आल्ता नावाचा छोटा तालुका आहे. नावाचा अर्थ ‘उंचावरची भूमी’. द्राक्ष, ऑलिव्ह आणि बदाम ही इथली पिकं. या तालुक्यातून एकेकाळी रेल्वे जायची. १९७३ मध्ये एक बोगदा ढासळला आणि ती बंद पडली ती कायमची. रूळ निघाले, पण बोगदे, पूल आणि डोंगर कापून काढलेली वाट राहिली. आज तिच्यावरून फक्त सायकली आणि पायी चालणारे जातात. अशा वाटांना स्पॅनिशमध्ये ‘वीया वेर्दे’ म्हणजे हिरवी वाट म्हणतात. १९९३ पासून देशभर जुन्या रेल्वेमार्गांचं असं रूपांतर चालू आहे आणि आता त्यांची लांबी ३,००० किलोमीटरच्या वर गेली आहे.

आपला मार्ग त्यातला जेमतेम ४९ किलोमीटरचा. वरचा २३ किलोमीटरचा भाग तेर्रा आल्तातला, उरलेला एब्रो नदीकाठचा. सुरुवात आर्नेस-येदो स्थानकाजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटरवर. शेवट नदीकाठच्या तोर्तोसा शहरात, जवळजवळ समुद्राच्या पातळीवर. जवळपास सगळा उतारच. म्हणून बहुतेक लोक सकाळी वर गाडीने जातात आणि दुपारी चारला तोर्तोसात उतरून मोकळे होतात. तुम्ही असं करू नका, एवढ्यासाठीच हा लेख लिहितोय. द्राक्षबागा आहेत त्या वरच्या अर्ध्या भागात. बोत गावानंतर वाट दरीत शिरते, पुढे संत्र्याच्या बागा लागतात. आणि गावं, वाइनची तळघरं, जेवणाची ठिकाणं वाटेपासून थोडी बाजूला, बहुधा थोडी वर आहेत. उताराच्या नादात जो नुसता घरंगळत जातो, त्याला बोगदे दिसतात, तेर्रा आल्ता दिसत नाही.

मी निफाडकडचा, द्राक्षबागेत वाढलेला. त्यामुळे माझा जीव वरच्या भागात जास्त रमला, हे आधीच सांगतो.

कधी जायचं

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन ३५ अंशांच्या पुढे जातं आणि वरच्या भागात सावली फारशी नसते. हिवाळ्यात थंडी सोसवते, पण दिवस लहान असतो आणि पुष्कळ राहण्याची ठिकाणं बंद असतात.

मला विचाराल तर सप्टेंबर. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोड्या बाराची छाटणी आणि जानेवारीनंतर माल. तिथे वेल हिवाळ्यात चक्क झोपतो. छाटणी वर्षातून एकदाच, थंडीत, आणि तोडणी ऑगस्टअखेरपासून सप्टेंबरभर. या दिवसांत गेलात तर ट्रॉलीतून घड चाललेले दिसतील आणि गावात शिरताच आंबू लागलेल्या रसाचा वास येईल.

वाऱ्याचा हिशेब आधी समजून घ्या. ‘सेर्स’ हा वायव्येकडून येणारा कोरडा, जोरकस वारा. तो समुद्राकडे वाहतो, म्हणजे तुमच्या पाठीवर. ‘गार्बिनादा’ समुद्राकडून येतो, दमट असतो आणि उन्हाच्या दिवसांत दुपारनंतर समोरून लागतो. म्हणून सकाळी आठ-साडेआठला निघायचं आणि दोनच्या आत मुक्कामाला पोचायचं. पुलावर सेर्स आडवा लागला तर हँडल घट्ट धरा. दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवलेली सायकल वाऱ्यात शिडासारखी ओढली जाते.

व्हिसा, रेल्वे आणि सायकल

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो द्यावाच लागतो. प्रत्यक्षात दोन-अडीच महिने हातात ठेवा. किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा विमा सक्तीचा आहे. घेताना सायकल चालवताना झालेली दुखापत त्यात धरली आहे की नाही, हे विचारून घ्या.

बार्सिलोनाहून तोर्तोसाला थेट प्रादेशिक गाडी आहे, साधारण अडीच तास. वाटेत डाव्या हाताला अधूनमधून समुद्र दिसतो, म्हणून खिडकी त्या बाजूची पकडा. व्हॅलेन्सियाकडून येत असाल तर लाल्देया स्थानकावर गाडी बदलावी लागते. प्रादेशिक गाड्यांत सायकल जागा असेल तर नेता येते. शनिवार-रविवारी सकाळी गर्दी असते. वेगवान गाड्यांचे नियम वेगळे आहेत, तिथे सायकल सुटी करून पिशवीत घालावी लागते.

भारतातून सायकल न्यायच्या भानगडीत चार दिवसांसाठी पडू नका. तोर्तोसात भाड्याने चांगल्या सायकली मिळतात आणि सायकल देणारेच तुम्हाला सायकलीसह व्हॅनमधून आर्नेस-येदोला नेऊन सोडतात. सुमारे तासाभराचा रस्ता. दोन्ही गोष्टी आठवडाभर आधी ठरवून लेखी निश्चित करा.

सायकल ताब्यात घेताना दहा मिनिटं द्या. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचा हवा. वाट कुठे डांबरी, कुठे दाबलेल्या मातीची आहे आणि कडेला बारीक खडी आहे. रेसिंगची बारीक टायरची सायकल इथे त्रास देते. सीटची उंची टाच पेडलवर ठेवून पाहा: पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा. सगळ्यात हलका गिअर खरंच पडतो का, हे दुकानातच तपासा, कारण मुख्य वाटेवर लागला नाही तरी गावाच्या चढावर तोच लागणार आहे. पंक्चरचं सामान, एक जादा ट्यूब आणि पंप बरोबर हवेतच.

दिवा ही सर्वांत महत्त्वाची वस्तू. नुसत्या वरच्या २३ किलोमीटरमध्ये वीसच्या आसपास बोगदे आहेत. काहींमध्ये दिवे आहेत, पण ते लागतीलच असं धरून चालू नका. पुढे पांढरा, मागे लाल आणि शिवाय डोक्याला बांधायची बॅटरी, एवढं घ्या. तिसऱ्या दिवशी माझा पुढचा दिवा एका वळणाच्या बोगद्यात मध्यावर विझला. रात्री चार्जिंगला लावायचा विसरलो होतो. आत हात दिसेना. खाली उतरलो, भिंतीला धरून उभा राहिलो आणि बायकोने मागून बॅटरी दाखवली तेव्हा पुढे सरकलो. बोगद्यात शिरण्याआधी गॉगल काढायचा, वेग निम्मा करायचा आणि आत चालणारं कुणी असेल म्हणून घंटी वाजवत जायचं. बाहेर एवढं लख्ख ऊन असतं की पहिले पाच-सहा सेकंद डोळ्यांना काहीच दिसत नाही.

हेल्मेट स्पेनमध्ये गावाबाहेर सायकलस्वाराला सक्तीचं आहे. पाणी माणशी दोन लिटर घ्या. बोतनंतर बेनिफायेतपर्यंत वाटेवर गाव लागत नाही.

पहिला दिवस: आर्नेस-येदो ते ओर्ता

हे स्थानक अल्गार्स नदीजवळ, आरागॉन आणि कातालुन्या या दोन प्रांतांच्या सीमेवर आहे. वाट पश्चिमेला आरागॉनमध्येही जाते. ज्यांच्याकडे आणखी दोन दिवस आहेत त्यांनी वाल्देआल्गोर्फाच्या बाजूने सुरुवात करावी. तिथला बोगदा दोन किलोमीटरहून लांब आणि सरळसोट आहे. विषुवदिनी सूर्यप्रकाश त्याच्यातून आरपार जातो.

आज सायकल फार चालवायची नाही. उजवीकडे एल्स पोर्त्सचे चुनखडीचे उघडे डोंगर, खाली बदाम आणि पहिल्या द्राक्षबागा. इथे थांबून वेलीजवळ बसा. आपल्याकडे द्राक्ष म्हटलं की मांडव किंवा वाय आकाराचे लोखंडी अँगल, तारा आणि ठिबकच्या नळ्या डोळ्यांसमोर येतात. इथली जुनी बाग म्हणजे तार नाही, खांब नाही; गुडघ्याएवढं जाडजूड खोड आणि त्याला वर पंजासारख्या फुटलेल्या चार-पाच फांद्या. घड जमिनीपासून वीतभर उंचीवर, पानांच्या सावलीत. ही बाग बहुतांशी पावसाच्याच पाण्यावर जगते, म्हणून झाड बुटकं आणि दोन झाडांत अंतर भरपूर. वाऱ्यालाही ते झेपतं. नव्या बागा मात्र तारांवर आहेत. दोन्ही शेजारीशेजारी दिसतात. घड तोडून तोंडात टाकू नका. ते कुणाचं तरी पीक आहे आणि त्यावर गंधकाची फवारणी झालेली असू शकते.

ओर्ता दे सांत झुआन गाव स्थानकापासून काही किलोमीटरवर, टेकडीवर आहे. हा रस्ता वाहनांचा आहे आणि चढाचा आहे. वर्दळ कमी असते, पण एकामागे एक चला. चढ जमला नाही तर उतरून ढकला.

मुक्काम इथेच करा. पिकासो १८९८ मध्ये, सोळा वर्षांचा असताना, मानुएल पायारेस या मित्राच्या घरी या गावात येऊन राहिला आणि १९०९ मध्ये परत आला. त्या दुसऱ्या खेपेला त्याने काढलेल्या इथल्या घरांच्या चित्रांत घनवादाची (क्युबिझमची) सुरुवात दिसते. त्याच्या इथल्या चित्रांच्या प्रतिकृतींचं छोटं संग्रहालय गावात आहे. संध्याकाळी सांता बार्बारा डोंगराच्या पायथ्याच्या मठापर्यंत चालत जा आणि तिथून वळून गावाकडे पाहा. एकावर एक चढवलेली मातकट घरं बघितली की त्या चित्रांतले कोन कुठून आले ते कळतं.

दुसरा दिवस: ओर्ता ते बोत, आणि गांदेसाची फेरी

सकाळी उतरून परत वाटेवर या. ओर्ता ते बोत हा संपूर्ण मार्गातला माझा सर्वांत आवडता भाग. वाट बागांच्या पातळीवरून जाते, बोगदे छोटे आहेत, आणि प्रत्येक बोगद्याच्या तोंडातून पुढची बाग चौकटीत बसवल्यासारखी दिसते. पूर्ण वाहनमुक्त म्हटलं तरी शेताच्या वाटा मधूनमधून आडव्या येतात. तोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टर ओलांडत असतात. त्यांना आधी जाऊ द्या, हात करा, तेही करतात.

बोतमध्ये खोली घ्या, सामान टाका आणि हलक्या सायकलने गांदेसाला निघा. अंतर साधारण आठ किलोमीटर, थोडा चढ-उतार. हा भाग वाहनमुक्त नाही. शेतातून जाणाऱ्या वाटाही आहेत. राहत्या ठिकाणी विचारलंत तर कागदावर काढून देतील. मोठ्या रस्त्यापेक्षा त्याच बऱ्या.

गांदेसाला जायचं ते सहकारी वाइनघरासाठी. १९१९ च्या सुमारास सेझार मार्तिनेल या वास्तुरचनाकाराने ते बांधलं. फायलोक्सेरा नावाच्या किडीने युरोपातल्या बागा बुडवल्यानंतर इथले छोटे शेतकरी एकत्र आले आणि त्यांनी मिळून तळघरं उभारली. आपल्या साखर कारखान्यांची गोष्ट माहीत असणाऱ्याला त्यामागची कळकळ वेगळी समजवावी लागत नाही. आत पातळ विटांच्या रुंद कमानी, आणि उंचावरच्या खिडक्यांतून येणारा उजेड. अशा इमारतींना कातालुन्यात ‘वाइनची कॅथेड्रल’ म्हणतात. एल पिनेल दे ब्राय गावातली मार्तिनेलचीच दुसरी इमारतही तोलामोलाची आहे. तिच्या दर्शनी भागावर झावियेर नोगेस या चित्रकाराच्या रंगीत फरश्यांचा पट्टा आहे. पण ते गाव वाटेवरच्या स्थानकापासून बरंच वर आहे. दम असेल तरच तिसऱ्या दिवशी तो फाटा धरा.

भेट आधी फोन किंवा ईमेल करून ठरवा. दुपारी दोन ते पाच सगळं बंद असतं आणि तोडणीच्या दिवसांत त्यांनाच वेळ नसतो. चाखायची ती पांढरी गार्नाचा. या द्राक्षाच्या जगातल्या लागवडीपैकी सुमारे एक तृतीयांश एकट्या तेर्रा आल्तात आहे असं मानतात. ‘ब्रिसात’ मिळाली तर आवर्जून मागा. पांढऱ्या द्राक्षाचा रस सालीसकट आंबवायची ही इथली जुनी पद्धत. रंग फिकट मधासारखा येतो आणि चवीला सालीचा हलका तुरटपणा. सायकलस्वारालाही दारूची कायदेशीर मर्यादा लागू आहे, म्हणून दिवसा चाखून थुंकायचं. तिथे त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, कुणी वाईट मानत नाही. बाटली विकत घ्या आणि संध्याकाळी बोतला पोचल्यावर उघडा.

पायांत जोर असेल तर गांदेसाच्या पुढे कोर्बेरा दे एब्रोचं जुनं गाव आहे. २५ जुलै ते १६ नोव्हेंबर १९३८ या काळात स्पेनच्या यादवी युद्धातली एब्रोची लढाई इथे झाली आणि गाव बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालं. ते तसंच ठेवलं आहे: छत नसलेलं चर्च, अर्ध्या भिंती. तिथे आवाज न करता चाला.

तिसरा दिवस: बोगदे आणि दरी

बोत सोडताना पाणी भरा आणि दुपारची शिदोरी घ्या. इथली शिदोरी म्हणजे ‘क्लोचा’. एब्रोकाठच्या शेतकऱ्याचं रानातलं जेवण. गोल, जाड कवचाच्या पावाचा अर्धा भाग घ्यायचा, आतला मऊ गर काढायचा. पोकळीत विस्तवावर भाजलेला टोमॅटो आणि अख्खा भाजलेला लसूण बोटांनी कुस्करायचा, वर ऑलिव्हचं तेल ओतायचं, खारवलेला मासा ठेवायचा आणि काढलेला गर वरून झाकण म्हणून दाबायचा. दोन तास पिशवीत राहिला की तेल पावात मुरतं. शाकाहारी असाल तर मासा वगळून भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची घालून मागा. ‘सेन्से पेश’ म्हणजे मासा नको, ‘सेन्से कार्न’ म्हणजे मांस नको. हे दोन शब्द पाठ करून ठेवा, कारण भाजीच्या पदार्थातही डुकराच्या मांसाचे तुकडे निघू शकतात.

बोतनंतर वाट कानालेतेस नदीच्या घळीत शिरते. एका बाजूला पांदोल्सचे डोंगर, खाली पाणी, आणि बोगद्यामागून बोगदा. प्रात दे कोम्तेच्या अलीकडे फोंतकाल्दाचा फाटा लागतो. तिथे डोंगराच्या कुशीत मेरीमातेचं मंदिर आहे आणि साधारण २८ अंशांचं कोमट पाणी जमिनीतून वर येतं. सायकलला कुलूप लावा, नदीच्या डोहात पाय सोडून बसा आणि क्लोचा तिथेच खा. शनिवार-रविवारी गर्दी असते. परत वर येताना छोटा पण खडा चढ आहे.

पुढे उतार वाढल्यासारखा वाटतो आणि वेग नकळत वाढतो. कडेला काही ठिकाणी कठडा आहे, काही ठिकाणी नाही. चालणाऱ्यांना पहिला मान. दरडीचे दगड वाटेवर पडलेले असू शकतात, विशेषतः पावसानंतर. मोठ्या पावसानंतर वाट सुरू आहे का, हे राहत्या ठिकाणी विचारूनच निघा. आपत्कालीन क्रमांक ११२. घळीत फोनला रेंज जाते-येते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा.

घळ संपते आणि एकदम एब्रो समोर येते, रुंद, हिरवट, संथ. रात्री बेनिफायेतला राहा. मात्र लक्षात घ्या: वाट नदीच्या उजव्या काठाने जाते आणि गाव डाव्या काठावर आहे. पूल ओलांडून थोडं अंतर वाहनांच्या रस्त्याने जावं लागतं, ते उजेडात उरका. गावातले ‘पास्तिसेत’, म्हणजे भोपळ्याच्या गोड सारणाच्या करंज्या, खाऊन पाहा. माझ्या बायकोने पहिला घास घेतला आणि म्हणाली, “अहो, या आपल्या करंजीच्या सख्ख्या बहिणीच.” रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी मिळत नाही, म्हणून संध्याकाळसाठी काहीतरी जवळ ठेवा.

चौथा दिवस: संत्र्यांतून तोर्तोसा

हा सोपा, सपाट दिवस. शेर्ताच्या वर नदीवर जुना तिरका बंधारा आहे. त्यातून निघालेल्या कालव्यांवर खालच्या सगळ्या बागा उभ्या आहेत. एप्रिलमध्ये गेलात तर मोहोराचा वास तोर्तोसापर्यंत सोबत करतो. अल्दोवेर, रोकेतेस करत शहरात शिरलं की वाट शहरी होते, रस्ते ओलांडावे लागतात, सिग्नल पाळा.

सायकल परत देण्याची वेळ दुपारच्या सुट्टीत येणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. नाहीतर पाचपर्यंत कुलूप लावलेल्या दुकानासमोर बसावं लागतं आणि गाडी निघून जाते. वेळ उरला तर टेकडीवरच्या सुदा किल्ल्यावर चढा. एब्रोचा वळसा, खालचं कॅथेड्रल आणि पश्चिमेला, तुम्ही जिथून उतरून आलात ते एल्स पोर्त्सचे डोंगर तिथून दिसतात.